एकटीचं ताट

“आधी जेव. मग बोलू.”

नोकरीसाठी आलेल्या प्रत्येक मुलीशी सिस्टरांचं पहिलं बोलणं हे एवढंच असे. मुलगी कुठून कुठून एसटीनं अंग मोडून आलेली असायची. इस्त्रीची साडी, तेल लावून चापून बसवलेले केस, हातात सर्टिफिकिटांची गुंडाळी आणि ओठांवर वाटेत पाठ केलेली उत्तरं. तिला वाटे, आता नाव विचारतील, गाव विचारतील. तर समोर टेबलावर ताट यायचं. भाकरी, आमटी, कांदा आणि कडेला मीठ. ताट ठेवून सिस्टर खोलीबाहेर जात आणि जाताना दार ओढून घेत.

बाहेर गॅलरीत एक लाकडी स्टूल होतं. त्यावर बसून त्या चपला काढत, पोटरीवरची पट्टी सोडत आणि घोट्यापासून वर पुन्हा नीट गुंडाळायला लागत. वॉर्डात वर्षानुवर्षं उभ्यानं ड्यूटी करून त्यांच्या पायांच्या शिरा फुगल्या होत्या. दोन्ही पायांच्या पट्ट्या बांधून झाल्या की त्या “चला” म्हणत भिंतीला धरून उठत आणि दार उघडत. तेवढ्यात आतल्या मुलीची मुलाखत झालेली असे. हे त्या मुलीला मात्र ठाऊक नसे.

कुणी घास न घेता ताटाकडं बघत बसलेली असायची. कुणी चार घास कोंबून बाकीचं पदराआड झाकलेलं असायचं. एक मुलगी दार लोटताच आतून ओरडली होती, “सिस्टर, तुम्हीबी या की!” आणि एकीला रडूच फुटलं होतं. घरी ती कधी एकटी जेवलेलीच नव्हती.

“हे काय चाललंय तुमचं?” मी एकदा विचारलं. “नर्स निवडताय का सून?”

“सून निवडायला सोपी हाय, मास्तर,” पट्टीचं टोक खोचत त्या म्हणाल्या. “ती निदान चार माणसांत येती.”

तुमच्यापैकी जुन्या माणसांनी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतला तो जिना पाहिला असेल. खाली बियाण्यांचं दुकान आणि वर सिस्टरांची खोली. आफ्रिकेतल्या एका देशाच्या आरोग्य खात्याला दूरच्या खेड्यांसाठी नर्स हव्या असत. मुंबईची एक कंपनी त्या पुरवायची, आणि आमच्या जिल्ह्यातून मुली शोधायचं काम तिनं सिस्टरांकडं दिलं होतं. सरकारी नोकरीतून त्या नुकत्याच मोकळ्या झाल्या होत्या. घरात एकट्याच. मी जवळच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो. एक दिवस त्या शाळेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मास्तर, संध्याकाळचं आमच्या पोरींस्नी जरा इंग्रजी बोलायला शिकवा. व्याकरण नको. दुखतंय कुठं, एवढं इचारता आलं म्हंजे झालं.”

मी व्याकरणच शिकवलं. मला दुसरं काही येत नव्हतं. त्या कधी रागावल्या नाहीत. वर्ग चालू असताना गॅलरीत बसून ऐकत, आणि मुली गेल्यावर म्हणत, “बरं असतंय की. तिकडं पेशंटला तरी कुठं इंग्रजी येतंय!”

त्या स्वतः तरुणपणी तिकडं राहून आल्या होत्या. त्याबद्दल फारसं बोलत नसत. पावसामुळं मुली आल्या नाहीत अशा एका संध्याकाळी मात्र त्यांनी आपण होऊन सांगितलं.

“दवाखाना म्हंजे दोन खोल्या आणि एक पत्र्याची शेड. डॉक्टर महिन्यातनं एकदा यायचा, तेबी रस्ता वाळला असंल तर. बाळंतपणं, देवी टोचणं, तापाच्या गोळ्या, पाण्यात औषध टाकणं, सगळं आपणच. दिवस जातोय वो. कामात काय, दिवस जातोयच. दिवेलागणीला ताट घेऊन बसलं की समोर कोण न्हाई. माझा घासच उतरायचा न्हाई. मग मी खिडकीकडं तोंड करून उभ्यानं जेवायची. भाईर एक शेळी बांधलेली असायची. ती आणि मी.”

“शेळी काय म्हणायची?”

“ती माझ्यापेक्षा बरी जेवायची.” त्या हसल्या आणि पाय चोळत राहिल्या. “नर्सिंग सगळ्यांस्नी येतंय, मास्तर. माणूस मोडतंय ते ताटावर.”

मुलगी निवडली की खरं काम सुरू व्हायचं. तिच्या घरी जायचं. बाप, भाऊ, चुलते, कधी कधी गावचे पाटीलसुद्धा. सिस्टरांचे निम्मे दिवस एसटीत जात. रविवार असला तर त्या मलाही बरोबर घेत. सोबत मास्तर असला की घरचे जरा ऐकतात, असं त्यांचं म्हणणं. मी तिथं काही बोलत नसे. खिडकीतून उसाची शेतं मागं पडत, त्या डोळे मिटून बसलेल्या असत, आणि गाव आलं की आपोआप जाग्या होत.

मलकापूरला शमशाद नावाच्या मुलीचे वडील शिलाईचं काम करत. मशीन थांबवून त्यांनी आम्हाला बसायला जागा केली, चहा सांगितला आणि पहिलाच प्रश्न विचारला.

“तिकडं वाघ हायेत म्हणं?”

“वाघ न्हाईत, चाचा. सिंह हायेत.”

त्यांनी थोडा विचार केला. “मग ठीक हाय,” म्हणाले. त्यांच्या डोंगरात त्यांनी वाघाच्याच गोष्टी ऐकल्या होत्या. सिंहाबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

पण निघताना ते उंबऱ्यापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, “बाई, पोरगी परत येणार न्हवं?”

यावर सिस्टरांचं उत्तर ठरलेलं असे. प्रत्येक उंबऱ्यावर त्यांनी ते दिलं होतं. उजव्या हाताची तीन बोटं वर करून त्या म्हणत, “तीन वर्सं. तिसरं सरलं की मी सोता हिला ह्या उंबऱ्यावर आणून उभी करते.”

आणि त्या करत. करार संपवून येणाऱ्या प्रत्येक मुलीला आणायला त्या मुंबईला जात, विमानतळाबाहेर ताटकळत, तिला घेऊन कोल्हापूरला येत आणि तिथून पुन्हा एसटीनं तिच्या गावी. दारात तिला पुढं करून म्हणत, “घ्या, तुमची पोरगी. तपासून घ्या.” घरचे हसत, रडत, चहाचा आग्रह करत. सिस्टर आत जात नसत. “पुढची गाडी गाठायची हाय,” म्हणून तिथूनच वळत. नेसरीची एक मुलगी त्यांना म्हणाली होती, “सिस्टर, मी समुद्रावरनं एकटी आले. स्टँडपासनं नेसरीला जाणार न्हाई व्हय?”

“तू जाशील गं,” त्या म्हणाल्या. “पण शब्द मी दिलता.”

ज्या वर्षी शमशाद गेली, त्याच वर्षी कमल गेली.

कमल कबनूरची. नर्सिंग शिकलेली, इचलकरंजीत एका दवाखान्यात कामाला. नवऱ्यानं सोडलं होतं, म्हणून भावाकडं राहायची. माझ्या वर्गात ती मागच्या बाकावर बसे आणि विचारलं तरच बोले, तेही इतकं हळू की मला जवळ जावं लागे. ताटाच्या दिवशी सिस्टरांनी नेहमीप्रमाणं दार ओढलं आणि पट्ट्या बांधून पुन्हा उघडलं. कमल जेवून उठली होती. ताटात कण नव्हता. कोपऱ्यातल्या मोरीत तिनं ते धुऊन पालथं घातलं होतं आणि हात पुसत शांत उभी होती.

सिस्टरांना मी इतक्या खुशीत कधी पाहिलं नव्हतं. “मास्तर, अशी पोरगी बघितली न्हाई. जसं काय जल्मभर एकटीच जेवत आल्यागत.”

पुढच्या रविवारी आम्ही कबनूरला गेलो. दोन गल्ल्या अलीकडूनच मागांचा खडखडाट अंगावर येऊ लागला. कमलच्या भावाचं घर म्हणजे पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत माणसं. भाऊ मागांमध्ये उभा होता. त्यानं खुणेनं आम्हाला बसायला सांगितलं आणि खुणेनंच कबूल केलं. बहीण गेली तर बरंच, असं त्याच्या हातवाऱ्यांतून मला तरी वाटलं. दाराशी त्यांची आई सुताच्या कांड्या भरत बसली होती. सिस्टर तिच्यासमोर वाकल्या आणि ओरडून सांगू लागल्या. कुठला देश, कसलं काम, जेवणखाण, राहणं. म्हातारी कानामागं हात धरून त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. एक अक्षर पोहोचत नव्हतं. शेवटी सिस्टरांनी तीन बोटं वर केली, मग त्याच हातानं उंबरा दाखवला.

म्हातारीनं कांडी खाली ठेवली. हात लुगड्याला पुसला. आपली तीन बोटं वर धरून तिनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा उंबऱ्याकडं, आणि मान हलवली.

तीन वर्षं झाली. सिस्टर दोघींना आणायला मुंबईला गेल्या आणि एकटीला घेऊन आल्या.

मी भेटायला गेलो तेव्हा शमशाद गॅलरीत चहा पीत बसली होती. रंग काळवंडला होता, आवाज मोठा झाला होता. सिस्टर स्टुलावर. मलकापूरची गाडी दुपारची होती.

“कमल तिकडंच राहिली, मास्तर,” शमशाद म्हणाली. “करार वाढवून घेतला. माझं ठाणं तिच्यापासनं दिवसभराच्या वाटेवर होतं. निघायच्या आधी मुद्दाम जाऊन आले. म्हटलं, चल की. तर न्हाईच.”

“का पण?”

“तिथल्या बायका तिला एकटी जेवू देत न्हाईत. सुरुवातीला ती आपलं ताट घेऊन कोपऱ्यात जायची. तर ह्या तिच्या मागं कोपऱ्यात! एकच मोठं भांडं मधे ठेवत्यात आणि सगळ्या भोवतीनं बसत्यात. बाळंतपणाला कुठं लांब गेली असली तर ती येईस्तोवर भांडं उघडत न्हाईत. मी सोता बघितलं. पोरं भुकेनं रडत होती, तरी न्हाई.” तिनं कप खाली ठेवला. “मला म्हणाली, शमे, घरात माझं ताट सगळ्यांचं झाल्यावर लागायचं. पंगतीत मला कुणी बसू दिलं न्हाई. आता मी हितनं उठून कुठं जाऊ?”

सिस्टरांच्या एका पायाची पट्टी सुटलेली होती. तिचं टोक फरशीवर लोळत होतं. त्यांनी ते उचललं नाही.

शमशादला मलकापूरला पोचवून त्या दुसऱ्या दिवशी परतल्या. मी वर्ग घ्यायला गेलो तर म्हणाल्या, “मी ताट बघितलं, मास्तर. एकटी जेवती म्हणून नाचले. का एकटी जेवती, ते इचारलंच न्हाई.”

“पण ती सुखात आहे, सिस्टर.”

“हाय की. पोरीचं काय चुकलं न्हाई. पण म्हातारीला काय सांगू? बोटं मी दावलीती.”

आम्ही पुन्हा कबनूरला गेलो. तोच खडखडाट, तीच दाराशी बसलेली म्हातारी. आम्हाला पाहून तिनं कांडी टाकली आणि आमच्या मागं रस्त्याकडं बघू लागली. सिस्टर कमलच्या भावाजवळ जाऊन ओरडल्या, “जरा माग बंद करा!” त्यानंही ओरडून सांगितलं, “कसं बंद करू बाई, माल द्यायचा हाय!” त्या गुमान परत आल्या आणि म्हातारीशेजारी जमिनीवर बसल्या. खाली बसणं त्यांना किती जड जाई हे मला माहीत होतं. म्हातारी परत परत तीन बोटं दाखवून विचारत होती. सिस्टर हातानं ‘थांब’ एवढंच सांगत होत्या. कमल येणार नाही हे हातवाऱ्यांनी सांगायचं त्यांच्या मनाला येईना.

दुपार कलल्यावर एकाएकी वीज गेली. त्या घरातले माग थांबले, शेजारचे थांबले, मग सबंध गल्ली. रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलची घंटा स्पष्ट ऐकू आली.

“कमळी कुठाय?” म्हातारी म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

“न्हाई आली, आज्जी.”

“आजारी हाय?”

“न्हाई. चांगली हाय. तिला तिकडंच ऱ्हायाचं हाय.”

म्हातारीनं टाकलेली कांडी उचलली. मग म्हणाली, “जेवती का?”

“जेवती. धा बायकांत बसून जेवती. ती आल्याबिगर भांडं उघडत न्हाईत.”

म्हातारीनं मागच्या खोलीतल्या एका कोपऱ्याकडं बोट केलं. चुलीपलीकडं, सरपणाच्या ढिगाशेजारी. “तिथं बसायची. सून म्हणायची, टाकलेल्या बाईला पंगतीत नको. मी कधी बोलले न्हाई. हितं बोलून कुणाला ऐकू येतंय?” मग म्हणाली, “ऱ्हाऊ दे तिला तिकडं.”

सिस्टरांनी मान खाली घातली.

“पण बाई,” म्हातारी म्हणाली, “तू बोटं दावलीतीस.”

“व्हय, आज्जी. दावलीती.”

वीज आली. माग एकदम सुरू झाले. म्हातारी आणखी काही बोलत होती, पण त्यातलं काही कळलं नाही.

त्यानंतर लक्ष्मीपुरीतल्या खोलीत टेबलावर दोन ताटं येऊ लागली. सिस्टर दार ओढून घेत नसत. मुलीसमोर बसून जेवत, तिच्या घरात कोण कुठं बसतं, आधी कुणाला वाढतात, मागं कोण राहतं, असलं काहीबाही विचारत.

“मग आता निवडता कशावरनं?” मी विचारलं.

“कुणाला ठावं,” त्या म्हणाल्या. “आधी तरी कुठं कळत हुतं?”

आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्या कबनूरला जाऊ लागल्या. कुणाला निवडायचं नसताना, कुणाला पोचवायचं नसताना. म्हातारीबरोबर त्या कोपऱ्यात जेवून संध्याकाळच्या गाडीनं परत. दम लागे, पाय सुजत, तरी जात. मी एकदा म्हणालो, आता सोडा हे, तुमच्यानं होत नाही. त्या म्हणाल्या, “भाकरी चांगली करती वो म्हातारी.”

तिकडं जाणाऱ्या प्रत्येक मुलीबरोबर त्या कमलला निरोप देत, “एकदा येऊन तोंड दाखवून जा.” परत येणारी मुलगी उत्तर आणायची, “पुढच्या वर्षी.” एका वर्षी तिकडं गोवराची साथ होती, एका वर्षी बदलीची नर्सच मिळाली नाही. कारणं खोटी नसत. सिस्टरांनी स्वतः ती नोकरी केली होती. त्या ऐकून घेत आणि म्हणत, “बघू की.” हे दोन शब्द दर वर्षी जरा जास्त थकलेले वाटत.

पुढं मुंबईच्या कंपनीचं ते काम बंद पडलं. खोली राहिली, स्टूल राहिलं. जुन्या मुली पोरंबाळं घेऊन कधीमधी येऊन जात. मग फुगलेली शीर फुटून सिस्टरांच्या पायाला जखम झाली, ती चिघळली आणि ज्या दवाखान्यात त्यांनी उभी हयात काढली, तिथंच एका कॉटवर त्या पडून राहिल्या. दवाखान्याचं ताट आलं की माझ्याकडं बघत. मी पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढायचो. माझं बिस्किट तोंडात गेल्यावर त्या पहिला घास घ्यायच्या.

“मास्तर,” शेवटच्या आठवड्यात एकदा म्हणाल्या, “कबनूरला जाऊन या. म्हातारी ताट मांडून बसंल.”

त्यांच्या जिवंतपणी माझं जाणं झालं नाही, कारण मग त्यांच्याजवळ बसायला कुणी नसतं. नंतर गेलो.

गल्ली तशीच. माग वाढले होते. म्हातारी आता कांड्या भरत नव्हती. मागच्या खोलीत सरपणाजवळ भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्यापुढं दोन ताटं होती. त्या दिवशी मी येणार हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मला पाहून तिनं माझ्यामागं दाराकडं नजर लावली.

मला ओरडता येत नाही. सगळी नोकरी वर्गात झाली, पण आवाज कधी चढला नाही. मी तिच्यासमोर बसलो आणि वीज जाण्याची वाट पाहिली. त्या दिवशी वीज गेली नाही. ती दाराकडं बघत होती, मी तिच्याकडं. शेवटी मी हात पुढं केला आणि तळवा उलटा करून हलवला. दुसरं काही सुचलं नाही.

ती माझ्या हाताकडं खूप वेळ बघत राहिली. मग तिनं दुसऱ्या ताटाला हात घातला. मला वाटलं, उचलून ठेवणार. तिनं त्यात भाकरी वाढली, आमटी वाढली, कडेला मीठ घातलं आणि ताट माझ्याकडं सरकवलं. तिचे ओठ हलले. मागांच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. पण गॅलरीत बसून सिस्टरांच्या तोंडून ते शब्द मी इतकी वर्षं ऐकले होते, की ऐकू यायची गरजही नव्हती.

मी ताट जवळ ओढलं. तिनं घास घेतला, मग मी घेतला.